घडी न मोडलेलं नाव

कझान, गवतबाजार
५ जून १९०५

माझी गैनी,

तुला, तुझ्या सासूबाईंना आणि लेक झुहराला माझा सलाम.

मिळालं ते असं: पांढऱ्या मधाची बुधली एक, शाबूत. आंबट दह्याच्या वाळवलेल्या गोळ्या, पिशवीभर. बदकाच्या पिसांचं गाठोडं, थोडं दमट, उन्हात घातलं आहे. आणि मेणकापडात गुंडाळलेला तुमच्या गावाचा अर्ज. बोटीचं भाडं तीस कोपेक पडलं. धक्क्यावरच्या हमालाने दहा मागितले, मी पाच दिले. तो म्हणाला, "बाई, दानधर्म करावा असं पैगंबरांनी सांगितलंय." मी म्हटलं, "लुटून घ्यावं असं नाही सांगितलं." हसला आणि गाठोडं जिन्यावर आणून ठेवलं.

आता मूळ गोष्ट. तुझे भाऊजी त्याच दिवशी दुकानातून रजा काढून कचेरीत गेले. अर्जाला तिकिटं लावली होती, अक्षर स्वच्छ होतं, खाली सगळ्या गावाच्या सह्या आणि घराघरांच्या खुणा होत्या. आम्हाला वाटलं, आता काय अडणार? झार बादशहाने वसंतात हुकूम काढलेलाच आहे: ज्यांचे आजे-पणजे मुसलमान, ज्यांना केवळ कागदावर ख्रिस्ती करून ठेवलं आहे, त्यांनी मागितलं तर त्यांना आपल्या धर्मात मोकळं करावं.

कारकुनाने अर्ज वाचला, एक जाड बाड काढलं, बोट फिरवत गेला आणि म्हणाला, "या नावाचं एकही माणूस त्या गावात राहत नाही."

भाऊजी म्हणाले, "साहेब, मी त्यांच्या घरी जेवलो आहे."

"मग भुतांकडे जेवलात. दप्तरात इवान आहे, तिमोफेय आहे, अकुलिना आहे. त्यांनी अर्ज केला तर मी घेईन. हा फाझिल, हा गिबाद, हे कोण? जो आमच्या दप्तरात ख्रिस्ती म्हणून नाहीच, त्याला मी कशातून सोडवू?"

भाऊजी घरी येऊन बसले, चहा घेतला नाही. पण मला विचारशील तर कारकुनाचं बोलणं चुकीचं नव्हतं. आपलीच चूक. तीन पिढ्या तुमच्या गावाने ते चर्चचं नाव असं टाकून दिलं, की सुटका मागतानाही ते लिहायचं कुणाला सुचलं नाही. कैद्याने सुटकेचा अर्ज करावा आणि कोठडीचा नंबरच घालू नये, तसं झालं.

अर्ज परत पाठवते आहे. आता घराघराचा वेगळा हवा. त्यात आधी दप्तरातलं नाव, मग आपलं नाव, कुणाचा मुलगा, कुणाची बायको, हे सगळं. प्रत्येकाने एकदा तुमच्या पाद्रीबाबांची गाठ घ्यायची, त्यांनी समजूत घालून पाहायची आणि तरी ऐकलं नाही तर तसं लिहून द्यायचं, असा नियम आहे. ज्याच्या नावावर घर त्याची सही लागते. म्हणजे तुमच्याकडे सासूबाईंची.

सिराजच्या घरचे झुहराच्या निकाहाचं काय म्हणतात? झुहराला विचारल्याचं सांग, चिडवू नकोस.

तुझी मफतूहाआपा

•

तुबन-चिश्मे
२६ जून १९०५

प्रिय आपास,

सलाम. तू पाठवलेला चहा आणि साखरेचा खडा पोचला. सासूबाईंनी, म्हणजे आमच्या अबींनी, खडा उजेडात धरून पाहिला आणि म्हणाल्या, "कझानची साखर पांढरी असते, माणसं कशी असतात ते मफतूहाला विचार." म्हणजे आवडली.

शुक्रवारच्या नमाजानंतर म्हाताऱ्या फाझिलबाबायच्या घरात (आमची मशीद म्हणजे अजून त्यांचीच ओसरी) तुझं पत्र मी पडद्याआडून वाचलं. वाचून संपलं. मग फाझिलबाबाय खाकरले, म्हणाले, "ठीक आहे, लिहू. माझं नाव काय?"

आपा, कुणालाच माहीत नाही गं! मूल झालं की पाद्रीबाबांचा माणूस यायचा, पाण्याचे थेंब आणि एक नाव टाकून जायचा. तो वाड्यातून बाहेर पडायच्या आत आया ते पाणी पुसून काढायच्या आणि बाप कानात अजान देऊन खरं नाव ठेवायचा. त्या थेंबांबरोबर नावही पुसलं गेलं. पोलीस आले की त्यांच्यासमोर सगळे "हुजूर, आम्ही अडाणी" म्हणायचे. असं करत गावच्या गाव स्वतःच्या नावाला अनोळखी झालं.

शेवटी सगळे गेले पाद्रीबाबांच्या अंगणात. त्यांनी चष्मा लावला, चर्चचं दप्तर मांडीवर घेतलं. फाझिलबाबाय पुढे झाले, टोपी हातात. "पाद्रीबाबा, जरा बघा, मी कोण आहे."

पाद्रीबाबांनी पानं उलटली. "तू तिमोफेय."

"बरं झालं कळलं," बाबाय म्हणाले, "नाहीतर असाच मेलो असतो."

अंगणात असा हशा पिकला की पाद्रीबाबाही हसले, मग डोळे पुसायला लागले. म्हणाले, "तीस वर्षं मी या गावात आहे. आज पहिल्यांदा सगळं गाव माझ्या अंगणात आलं, ते मला सोडून जायची वाट विचारायला." त्यानंतर कुणी हसलं नाही. गिबादने त्यांच्या विहिरीचा दोर तुटलेला पाहिला होता, तो दुसऱ्या दिवशी जाऊन नवा बांधून आला.

पण गावात आता चेष्टेला ऊत आला आहे. "अहो तिमोफेय, तुमची गाय आमच्या बटाट्यात!" "गाय फाझिलची आहे, तिमोफेयकडे बोलू नका!" मुलं तर दिवसभर हेच खेळतात.

एकट्या अबी हसल्या नाहीत. त्या गेल्याच नाहीत. मी विचारलं, "अबी, उद्या जाऊ या का?" त्या चरख्यावरून नजर न काढता म्हणाल्या, "तू जा. तुझं तिथे काही नाही."

खरंच नाही, आपा. हेच तर आहे. मी मुसलमान घरची, माझं नाव आपल्या माहेरच्या मुल्लांच्या वहीत सरळ आहे. माझे मालक कागदावर ख्रिस्ती. आमचा निकाह कुठल्याच कागदावर नाही. ते खाणीत गेले ते तिथेच माती झाले. कागदावर मी त्यांची विधवाही नाही, या घरात मोलकरीणसुद्धा नाही, आणि झुहरा कागदावर अकुलिना नावाची कुणी बिनबापाची पोर आहे. तिला एकवीस पूर्ण नाहीत. तिच्यासाठी सही करणारं माणूस जगात एकच, अबी.

सिराजच्या गावचे मुल्ला, हजरत, चांगले आहेत, पण स्पष्ट बोलले: "कागद आल्याशिवाय हा निकाह मी वहीत लिहिला तर माझी सनद जाईल. न लिहिता वाचला तर या मुलीची मुलंही बिनबापाची." सिराजची आई पहिल्या बर्फापर्यंत थांबते म्हणाली. चांगली बाई आहे, पण तिला दुसरं एक स्थळ सांगून आलंय, हे तिने मला दोनदा सांगितलं.

झुहरा सगळी कामं करते. ताटल्या मात्र जोरात ठेवते.

गैनीजमाल

•

कझान
१७ जुलै १९०५

गैनी,

तुझ्या पत्राने हसले आणि मग रडले, आणि हे दोन्ही एकाच चहात झालं म्हणून तुझे भाऊजी म्हणाले की इंधनाची बचत झाली.

सासूबाईंचं मला नवल वाटत नाही. म्हातारपणी माणूस एका गोष्टीला धरून बसतं. माझी सासू मरेपर्यंत नव्या किटलीतला चहा प्यायली नाही. पण किटलीवाचून कुणाचा निकाह अडला नव्हता. एक नाव उच्चारायचं, तेही आयुष्यात एकदाच, तेही त्यातून सुटण्यासाठी, यात एवढा अभिमान कशाला? नमाजी बाई आहे. अभिमान कुणाला शोभतो आणि कुणाला नाही, हे त्यांना मी काय सांगू?

आता मी लिहिते ते त्यांना वाचून दाखवू नकोस. त्यांना लिहिता येत नाही हे तूच सांगितलं होतंस. म्हणजे सहीच्या जागी घराची खूणच येणार, तुमच्या कुंपणावर आणि मधाच्या पेट्यांवर कोरलेली असते ती. ती काढायला किती वेळ लागतो? अर्ज भाऊजी लिहून देतील, खूण तू काढ. कारकून काही तुबन-चिश्म्याला येऊन म्हातारीचा हात तपासणार नाही. पाद्रीबाबांनाही सांगता येईल की ती आजारी आहे. झुहराचं आयुष्य एका बाजूला आणि एक रेघ एका बाजूला. अल्ला नियत पाहतो.

सोबत अर्जाचा कोरा कागद आणि दोन तिकिटं ठेवली आहेत. तिकिटं जपून, त्यांना पैसे पडतात. उत्तर लवकर दे.

मफतूहाआपा

•

तुबन-चिश्मे
१९ ऑगस्ट १९०५

प्रिय आपास सलाम.

कागद आणि तिकिटं पोचली. कुराणाच्या फडताळात ठेवली आहेत. तुझं पत्र अबींना वाचून दाखवलं, "अभिमान" आला त्याच्या आधी थांबले आणि म्हटलं, पुढे नुसते भाव आहेत, लोकरीचे आणि मिठाचे. अबी म्हणाल्या, "मीठ महागलं का?" मी म्हटलं, थोडं.

आपा, तू किटलीचं लिहिलंस. मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण परवा कापणीहून येताना फाझिलबाबायची म्हातारी माझ्याबरोबर होती. तिने जे सांगितलं ते मला या घरात इतकी वर्षं नांदून माहीत नव्हतं.

माझे सासरे सैबेरियात वारले एवढंच मी ऐकून होते. चाळीस वर्षांपूर्वी गावाने असाच अर्ज केला होता, आम्हाला आमच्या धर्मात राहू द्या म्हणून. हुकूमबिकूम काही नव्हता तेव्हा, नुसती हिंमत होती. सरकारी माणूस आला, गाव पटांगणात उभं केलं. त्याने यादीतून पुकारलं, "निकिता!" कुणी हललं नाही. तेव्हा गावच्या चौकीदाराने माझ्या सासऱ्यांकडे बोट केलं. साहेबाने विचारलं, "तुझं नाव?" ते म्हणाले, "फखरिस्लाम." त्याने परत विचारलं. परत तेच. तिसऱ्यांदा साहेब हळू आवाजात म्हणाला, "अरे, निकिता म्हण आणि घरी जा. तुझी बायको लेकुरवाळी आहे." सासरे म्हणाले, "हुजूर, निकिताला मी पाहिलेलंच नाही. खोटं कसं सांगू?"

त्यांना गाडीत बसवलं. अबींच्या कडेवर माझे मालक होते, अजून रांगतही नव्हते. गाडी नदीकडे उतरली तेव्हा त्यांनी अबींना ओरडून काय सांगितलं असेल? "मधाच्या पेट्यांना हिवाळ्याआधी गवत गुंडाळ."

एवढंच. परत आले नाहीत. पाच-सहा वर्षांनी एका घोड्याच्या व्यापाऱ्याने निरोप आणला की कबर अमुक गावाबाहेर आहे.

आता तू सांग, त्यांच्या बायकोला मी कोणत्या तोंडाने म्हणू, चला अबी, पाद्रीबाबांच्या अंगणात, तुमचं नाव विचारू या?

पण झुहराकडे पाहिलं की वाटतं, विचारावंच. नाहीतर फडताळ उघडावं. मी रोज फडताळ उघडते आणि कुराण काढते आणि फडताळ लावते.

गावातले बाकीचे अर्ज तयार झाले आहेत. फाझिलबाबाय स्वतः घेऊन येतील. आमच्या घराचा त्यात नाही.

गैनी

•

कझान
१२ नोव्हेंबर १९०५

गैनी,

ऑगस्टनंतर तुझं पत्र नाही. मधे आगगाड्या बंद होत्या, शहरात गोळीबार झाला, दुकानांची दारं दिवसचे दिवस उघडली नाहीत. आता टपालवालेही संपावर जाणार म्हणतात. म्हणून पत्र नाही, असं मी स्वतःला सांगते. पण रात्री वाटतं की मी रेघेबद्दल लिहिलं ते तुला लागलं. तुझ्या सासऱ्यांची हकिकत वाचल्यापासून ते पत्र परत मागून घ्यावंसं वाटतंय. मी कशाला अभिमान म्हटलं आणि तो निघाला कशाचा!

रमजान लागायच्या आधी फाझिलबाबाय येऊन गेले हे तुला कळलं असेलच. आमच्याकडे दोन दिवस होते. त्यांच्याबरोबर मी आणि भाऊजी कचेरीपर्यंत गेलो. गैनी, तुला काय सांगू. पायऱ्यांवर वीस-पंचवीस गावांची माणसं बसली होती. पायांत झाडाच्या सालींचे जोडे, पांढरे लोकरी मोजे, काखेत अर्ज. कुणी आरडाओरडा नाही की रडगाणं नाही. शहरात लाल बावटे, दगडफेक, घोडेस्वार, आणि ही माणसं ओळीत. एकाने भाकर मोडली की ती सगळ्यांत फिरायची. जोहरची, दुपारच्या नमाजाची, वेळ झाली तशी ती उठली, फरसबंदीवर कोट अंथरले आणि सरकारच्या दारात, उघड्यावर, नमाजाला उभी राहिली. शिपाई पुढे आला, थबकला, आणि मग रस्त्यावरच्या गाड्यांना हाताने "बाजूने, बाजूने" करायला लागला.

एक म्हातारा सज्द्यात जमिनीला टेकलेलं कपाळ उचलायला फार वेळ लावत होता. भाऊजी हात द्यायला गेले तर तो म्हणाला, "राहू दे पोरा. उघड्यावर पहिल्यांदाच करतोय, जरा सावकाश करू दे."

मी शाल तोंडावर ओढून घेतली. मला वाटायचं मी शहरात राहते, मला वाचता-लिहिता येतं, हिशेब येतो, म्हणजे मला धर्मातलं कळतं. मी आयुष्यात एकदाही नमाजासाठी काही मोजलेलं नाही.

फाझिलबाबायना तुमच्या घराचं विचारलं. ते तुझ्या सासूबाईंचं नाव घेऊन म्हणाले, "मागफुराचं मागफुरा बघेल." आणि जोडे बांधायला वाकले. पहिलं बर्फ पडून गेलं. झुहराचं काय झालं? काही वाईट असेल तरी लिही.

मफतूहाआपा

•

तुबन-चिश्मे
२० नोव्हेंबर १९०५

चिरंजीव मफतूहास, गैनीच्या सासूचा, मागफुराचा सलाम आणि दुआ. मी सांगते आहे आणि झुहरा लिहिते आहे. तिला सांगितलंय की मी बोलते तेच लिही, सजवू नकोस.

टपाल बंद आहे म्हणून हे पत्र माशांच्या व्यापाऱ्याच्या घसरगाडीवरून येतंय. वास आला तर पत्राचा नाही.

तुला एक गोष्ट ठाऊक नाही. आमच्या लहानपणी मुलींना वाचायला शिकवायचे, लिहायला नाही. लिहायला आलं तर मुली मुलांना चिठ्ठ्या पाठवतील म्हणून. तेव्हा मला लिहिता येत नाही, हे खरं. पण वाचता येतं, मुली. तुझं अक्षर चांगलं आहे. गैनीने मिठाचा भाव सांगितला तेव्हाच मला कळलं. मीठ महागलं की ती आधी सुस्कारा टाकते, तेव्हा टाकला नव्हता. ती शेतावर गेल्यावर मी फडताळातून पत्र काढून वाचलं.

(मावशी, अबींनी ते वाचलं हे मला माहीत होतं, पण मी आईला सांगितलं नव्हतं हं. – झुहरा) हिला म्हटलं होतं मी बोलते तेच लिही.

तू अभिमान म्हणालीस. रागावले नाही. तुला माहीत नव्हतं. पण गैनीलाही पुरतं कळलेलं नाही, ती समजते मला माझ्या नावाचं वाटतंय. माझं काय? मला कुणी मार्फा म्हणो की मांजर म्हणो. पण अर्जात लिहायचं असतं, अमक्याची बायको, अमक्याची विधवा. फाझिलने मला त्याच्या बायकोचा नमुना वाचून दाखवला होता. म्हणजे माझ्या अर्जात आलं असतं, निकिताची विधवा. मी त्या माणसाची विधवा नाही. त्याच्यापायी तर माझा माणूस गेला. सरकारला जे नाव माझ्या नवऱ्याच्या तोंडून काढता आलं नाही, ते मी माझ्या हाताने त्याच्या कबरीवर ठेवू?

तुझं पत्र वाचल्यावर मात्र मी विचार केला. गैनी रोज फडताळ उघडत होती आणि लावत होती. मी झोपल्याचं सोंग करून पाहत होते. एक रेघ मारली असती तर काम झालं असतं. नाही मारली. तेव्हा म्हटलं, ही पोर कुठल्याही कागदावर माझी नसताना माझा एवढा मान ठेवते, तर माझ्याच मानाला जरा पाय फुटले म्हणून काय बिघडलं?

रमजानातला दुसरा बुधवार होता. बुधवारी पाद्रीबाबांना लोणी, अंडं चालत नाही, म्हणून जवसाच्या तेलात बटाट्याच्या पोळ्या केल्या. थाळीवर फडकं झाकलं आणि गेले. तो अंगणात लाकडं फोडत होता. म्हणाला, "शेजारीण! आज इकडे कुठे?"

तो मला तीस वर्षं शेजारीणच म्हणतो. ना हे नाव, ना ते.

मी म्हटलं, "तुझ्या आधीचा पाद्री माझ्या घरी दोन वस्तू ठेवून गेला होता. परत करायला आलेय. रिकामी थाळी कशी आणू, म्हणून पोळ्या आणल्यात."

त्याला आधी कळलं नाही. मग कळलं. त्याने कुऱ्हाड ठेवली, मला आत बसवलं, दप्तर काढलं. म्हणाला, "ही तुमची, मार्फा. आणि ही त्यांची."

"मोठ्याने वाच," मी म्हटलं. "काय परत करतेय ते ऐकू दे."

त्याने वाचलं. मग विचारलं, "इतक्या वर्षांत एकदाही वापरलं नाही?"

"घडीसुद्धा मोडली नाही. दोन्हींची. जशी दिलीत तशी घे."

त्याने दप्तर मिटून बाजूला ठेवलं. नियमाप्रमाणे त्याने माझी समजूत घालायला हवी होती. म्हणाला, "मला काहीतरी बोलायला पाहिजे, शेजारीण. वर लिहून कळवायचं असतं."

मी म्हटलं, "बोल की. बसले आहे."

त्याने खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाला, "यंदा थंडी लवकर पडली."

"हो," मी म्हटलं, "पडली."

"झालं," तो म्हणाला. "समजूत घातली. ऐकलं नाही." आणि तसं लिहून सही केली. नंतर म्हणाला, "मी तुम्हाला कधी त्या नावाने हाक मारली नाही, हे लक्षात असू द्या." मी म्हटलं, "लक्षात आहे. म्हणून तर आणून दिलं. नाहीतर कुंपणावरून फेकलं असतं."

पोळ्या घे म्हटलं तर म्हणाला, "तुमचा रोजा, मी एकटा कसा खाऊ?" म्हटलं, "खा, मी पाहिलं तर माझा रोजा मोडत नाही." निघताना मागे वळून पाहिलं तर उभ्या उभ्याच खात होता.

अर्ज सोबत आहे. शब्द मी सांगितले, फाझिलच्या नातवाने रशियन केले. असं आहे: 'तुमच्या दप्तरात जिला निकिताची विधवा मार्फा म्हणून लिहिलं आहे, ती मी, फखरिस्लामची विधवा मागफुरा. ही दोन्ही नावं आम्ही कधी वापरली नाहीत, ती सरकारात जमा करून घ्यावीत आणि मला, तसंच दप्तरातल्या अकुलिनाला, म्हणजे माझ्या नात झुहराला, आमच्या धर्मात आमच्या नावांनी लिहावं.' खाली घराची खूण मी स्वतः काढली आहे. त्याच्या मधाच्या पेट्यांवरची, बदकाचा पाय. लेखणीची सवय नाही म्हणून एक बोट लांब झालंय. ते तसंच राहू दे.

तिकिटं तुझीच लावली आहेत.

सिराजची आई आली होती. बर्फ पडलं म्हणाली. मी म्हटलं, "बर्फ दर वर्षी पडतं. झुहरा दर वर्षी मिळत नाही. नदीचं पाणी वाहतं होईपर्यंत थांब, नाहीतर तुझ्या मुलाला मी घरजावई करून घेते, तो तयार आहे." त्याला तिथेच विचारलं, तर तो खरंच तयार निघाला! आई आता थांबते आहे.

तुझ्या नवऱ्याला म्हणावं, कारकुनाने नावं बघायला बाड काढलं की या खेपेला सापडतील.

मागफुरा

•

कझान
८ फेब्रुवारी १९०६

माझी गैनी,

हे पत्र आधी सबंध वाच आणि मग सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखव. या वेळी काही वगळायचं नाही आणि मीठही महागलेलं नाही.

भाऊजींनी अर्ज नेला तेव्हा तोच कारकून होता. त्याने बाड काढलं, बोट फिरवलं, थांबला. "मार्फा, निकिताची विधवा. आहे." मग पुढे वाचत गेला. 'सरकारात जमा करून घ्यावीत' यावर त्याने चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, "अशी जमा कुठे दाखवायची ते मला माहीत नाही, पण अर्ज बरोबर आहे." बदकाच्या पायावर मात्र हरकत घेतली. भाऊजी म्हणाले, "साहेब, ही सही चाळीस वर्षं जुनी आहे." त्याने वर पाहिलं आणि शिक्का मारला.

काल हुकूम झाला. तुमच्या सगळ्या गावाचा एकदम. तुमच्या चौकीदाराकडे वेगळा येईल, पण भाऊजींनी कचेरीतून नक्कल मागून आणली. ती सोबत आहे. फाझिलबाबायचं घर आहे, गिबादचं आहे. तुमची ओळ मी रशियन अक्षरं एकेक लावून वाचली, मग भाऊजींकडून वाचून घेतली, मग परत स्वतः वाचली. अशी आहे:

'मागफुरा, फखरिस्लामची विधवा, आणि नात झुहरा, यांस मुसलमान म्हणून नोंदवावे.'

त्या ओळीत निकिता नाही, गैनी. मार्फा नाही. ज्या सरकारच्या माणसाने तीनदा विचारूनही फखरिस्लाम हे नाव लिहून घेतलं नाही, त्या सरकारने ते स्वतःच्या अक्षरात लिहिलं आहे, खाली सही आणि शिक्का आहे. मी तो कागद जमिनीवर ठेवू शकले नाही. हातपाय धुऊन वजू करून आले आणि आभाराची, शुक्राची, दोन रकात नमाज पढले. तुझे भाऊजी नेहमी थट्टा करतात, ते माझ्यामागे येऊन उभे राहिले.

झुहरासाठी हिरव्या रेशमाचा तुकडा पाठवते आहे, ओढणीपुरता. उरलेला माल विकणाऱ्याकडून घेतला म्हणून स्वस्तात मिळाला, पण सिराजच्या आईला हे सांगू नका. हजरतना हुकूम दाखवा आणि निकाह वहीत लिहून घ्या. मुलीच्या नावापुढे बापाचं नाव, आणि बापापुढे आजोबांचं. मला तारीख कळवा, नदी मोकळी झाली की पहिल्या बोटीने मी आणि भाऊजी येतो. हमालाला मी ठरवून पाच कोपेक देईन, आता त्यानेच दहा मागायचं सोडलं आहे.

आता माझं एक काम कर. ती ओळ सासूबाईंना वाचून दाखवशील तेव्हा घाई करू नकोस. दोनदा वाच. नाहीतर असं कर, वाचू नकोस. कागद त्यांच्याच हातात दे, तू ती ओळ आपल्या अक्षरांत खाली लिहून ठेव. त्यांना वाचता येतं. आणि मग त्या काय म्हणाल्या, किंवा काही म्हणाल्याच नाहीत, उठून मधाच्या पेट्यांकडे गेल्या की बसून राहिल्या, ते जसंच्या तसं मला उलट टपाली कळव.

तुझी मफतूहाआपा